बोरसे मॅडमनी न दिलेलं औषध

बोरसे मॅडम माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. मुलाखतीसाठी मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा त्यांनी माझी फाइल उघडलीच नाही. "दारापर्यंत जा आणि परत ये," म्हणाल्या. मला वाटलं, माझी चप्पल बाहेर काढायची राहिली असेल. मी गेले, परत आले. तोवर त्यांनी चष्मा पुसून घेतला होता.

"उजवा गुडघा कधी दुखावला होता?"

शाळेत असताना देवपूरच्या मैदानावर खो-खो खेळताना मी खांबावर आपटले होते. ते मी कधीच विसरून गेले होते. तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "तू विसरलीस. पाय विसरलेला नाही. बस." पुढचा अर्धा तास त्या सशांना लागणाऱ्या घासाबद्दल बोलल्या. कोणत्या शेतकऱ्याचा घास ओला असतो, कोणाचा बुरशी धरतो. नोकरी मिळाली हे मला चहा आल्यावर समजलं, कारण कप दोन आले आणि त्या म्हणाल्या, "उद्यापासून तुझा कप तू आण."

जळगावच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या एका खाजगी कॉलेजात ही आमची प्रयोगशाळा. तीन खोल्या, मागच्या बाजूला सशांचं घर. डॉ. यमुना बोरसे मूळच्या पशुवैद्यक. पारोळ्याजवळच्या खेड्यातल्या, कापूस लावणाऱ्या घरातल्या. लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ धनराज तान्हा असताना आई गेली, तेव्हा मॅडम कॉलेजात शिकत होत्या. सुट्टीला घरी येऊन त्याला न्हाऊमाखू घालायच्या, कडेवर घेऊन शेतात जायच्या. आपण आई झालो नाही असं मला कधी वाटलंच नाही, असं एकदा डबा खाताना सहज म्हणाल्या होत्या. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. मला अर्धी भाकरी न विचारता द्यायच्या.

आमचं काम गुडघ्याच्या लिगामेंटचं. गुडघ्याच्या आत दोन दोऱ्या कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवरून गेलेल्या असतात. त्यातली पुढची तुटली की माणूस सरळ चालू शकतो, पण वळला की गुडघा निसटतो. तिला रक्त कमी मिळतं, म्हणून ती आपली आपण जुळत नाही. बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेतून आम्ही मूळ पेशी काढायचो आणि त्या वाढवायचो. त्या पेशी ज्या द्रवात वाढतात त्यात त्या अतिशय बारीक पिशव्या सोडतात. त्या एक्सोसोम. द्रव यंत्रात प्रचंड वेगाने फिरवून त्या वेगळ्या करायच्या आणि सशाच्या दुरुस्त केलेल्या लिगामेंटमध्ये द्यायच्या, म्हणजे ते नीट भरून येतं का ते बघायचं.

पाहुणे आले की मॅडम हे सगळं तीन वाक्यांत सांगायच्या. "पेशी काही जन्मभर पुरत नाही. पण ती शेजाऱ्यांना सांगून जाते, इथं फाटलंय, इथं ओढून घ्या, इथं सूज कमी करा. आम्ही पेशी ठेवत नाही, तिचं सांगणं तेवढं ठेवतो." आणि कोणी उत्साहाने म्हणालं की वा, म्हणजे गुडघ्यावर औषधच सापडलं, तर लगेच हात वर करायच्या. "औषध म्हणू नका अजून. सशाला विचारलंय. माणसाला विचारायचं राहिलंय."

नाळ मागायला त्या स्वतः प्रसूतिगृहात जात. एकदा मीही बरोबर होते. खाटेवरच्या बाईने विचारलं, "नाळेचं काय करणार तुम्ही?" मॅडम म्हणाल्या, "कोणाच्या तरी गुडघ्याला उपयोगी पडेल का ते बघणार. पडेलच असं नाही." बाई विचारात पडली. तिची सासू म्हणाली, नाळ आम्ही पुरतो. मॅडम "बरं" म्हणून निघाल्या. बाहेर आल्यावर तिथल्या सिस्टर वैतागल्या. "मॅडम, तुम्ही नुसतं उपयोगी पडेल म्हणा ना. बायका लगेच सह्या करतात." मॅडम म्हणाल्या, "पडेलच असं नाही, हे ऐकून जी सही करेल तेवढीच सही मला पाहिजे." त्या दिवशी आम्ही रिकामा डबा घेऊन परत आलो. अशा रिकाम्या फेऱ्या पुष्कळ झाल्या. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

सशांचे निकाल चांगले येत होते. सगळ्यांचे नाही. एक्सोसोम दिलेल्या सशांपैकी एकाचा गुडघा सुजला आणि भरून येण्याऐवजी आखडला. मी म्हटलं, "मॅडम, याची शस्त्रक्रियाच नीट झाली नसेल. याला वगळलं तर?" त्यांनी ग्लोव्हज काढले, हात धुतले, मग बोलल्या. "शस्त्रक्रिया मी केली. माझा हात चुकला असेल तर तसं लिही. ससा राहू दे." रोज सकाळी त्या सशांच्या घरात फरशीवर मांडी घालून बसायच्या आणि ते चालताना बघायच्या. "बरं वाटणं आणि बरं होणं, यात लिगामेंटभर अंतर असतं," असं एक त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. आम्ही पाठीमागे त्याची नक्कल करायचो.

धनराज आला तो उन्हाळा होता. तिशीला टेकलेला, उंच, काळासावळा मुलगा. गावच्या व्हॉलीबॉल संघात होता. पोलीस भरतीची तयारी करत होता, आणि वयाच्या अटीमुळे ही त्याची शेवटची भरती होती. सामन्यात उडी मारून खाली येताना गुडघा वळला, आतून कट् असा आवाज आला. धुळ्याच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं, पुढचं लिगामेंट तुटलं आहे, ऑपरेशन करावं लागेल, पळायला बरेच महिने जातील. भरती त्याआधी होती.

तो दारातून आत येईपर्यंत मॅडमनी सगळं ओळखलं होतं. तो लंगडणं लपवत होता. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. मी टेबलाच्या टोकाला नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बस तू."

घरचं माणूस आलं की त्या अहिराणीत बोलत. मी धुळ्याची, मला समजतं.

"अक्का, तुनाजोडे शे ते. मंग माले का बरं देस नही?" धनराज म्हणाला. तुझ्याजवळ आहे, तर मला का देत नाहीस, असं तो विचारत होता.

"ते माणसाला द्यायची परवानगी नाही अजून," त्या मराठीत म्हणाल्या. बहुधा मुद्दामच.

"परवानगी नको सांगू. ससाले चालस, माले नही?"

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. मग त्या त्याच्याच भाषेवर आल्या. "ससा मरी गया ते मी लिखस, ससा मरी गया. तू मरी गया ते मी काय लिखू?"

तो हसला. "गुडघामा सुई टोचीसन कोन मरस, अक्का?" मॅडमनी ऑपरेशनचं बोलून बघितलं. भरती हातची जाईल, पण गुडघा राहील, कॉलेजात कुठेतरी क्रीडा विभागात मी शब्द टाकते, असं बरंच काही. तो ऐकत होता आणि मोबाइल बोटांत फिरवत होता. शेवटी त्याने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकचा व्हिडिओ होता. कोणी खेळाडू इंजेक्शन घेऊन जिना चढत होता. मॅडमनी तो पूर्ण बघितला. "हा याआधी कसा चालत होता, ते दाखवलंय का?" त्यांनी विचारलं. धनराजने मोबाइल खिशात ठेवला. जेवून जा म्हटलं, तर थांबला नाही.

तो त्या क्लिनिकला जाऊन आल्याचं आम्हाला नंतर कळलं. आधी काही दिवस त्याला खूप बरं वाटलं म्हणे. गावात तो पळूनही आला. मग गुडघा तापला, सुजला, थंडी वाजून ताप भरला. धुळ्याच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा सांध्यात पू झाला होता. गुडघा उघडून धुवावा लागला, आणि पुन्हा एकदा धुवावा लागला. जीव वाचला. गुडघा आखडला. तो आता थोडासाच वाकतो.

माझं माहेर धुळ्यातच, देवपूरला, म्हणून डबा मी घेऊन जायचे. वॉर्डच्या बाहेर बाकावर मॅडमचे वडील, आबा, बसलेले असायचे. पांढरी टोपी गुडघ्यावर ठेवलेली. मॅडम जळगावहून आल्या की ते उठून उभे राहायचे, मुलगी डॉक्टर म्हणून. त्या दिवशी उठले नाहीत. "तुनाजोडे व्हतं," एवढंच म्हणाले. "तू दिधं नही."

मॅडम आत गेल्या. धनराजच्या पायथ्याशी बसल्या, त्याच्या घोट्यावर हात ठेवून. कोणी रडलं नाही. मी डबा उघडला, ताटली मांडली. पंखा फिरत होता. मला त्या दिवशी काय वाटलं ते आठवत नाही. भेंडीची भाजी होती एवढं आठवतं.

धनराजनेच सांगितलं, "अक्का, दुसरी शीशी घर शे. फ्रीजमा." क्लिनिकवाल्यांनी दुसरा डोस घरी दिला होता, गावाकडच्या कोणत्याही डॉक्टरकडून टोचून घ्या म्हणून. मॅडमनी बर्फाचा डबा घेऊन मला गावी पाठवलं. फ्रीजच्या दारात, लिंबांच्या शेजारी, ती बाटली उभी होती. सोनेरी झाकण, वर इंग्रजीत नाव, तारीख नाही.

आम्ही दोघींनी ती तपासली. एक्सोसोमवर ज्या खुणा सापडायला हव्यात त्या त्यात सापडल्या नाहीत. थोडे थेंब जंतू वाढवायच्या ताटलीवर टाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी ताटली उजेडात धरली. पांढरे ठिपके उगवले होते, पुष्कळ, सगळीकडे सारखे.

"बघ," त्या म्हणाल्या. "जिवंत तेवढंच आहे त्यात."

मग त्यांनी चष्मा पुसला, ताटलीचे फोटो काढले आणि तक्रार लिहायला बसल्या. तक्रार पोचल्याचा कागद आला. पुढे काय झालं ते आम्हाला कोणी कळवलं नाही. क्लिनिकची पाटी बदलल्याचं ऐकलं.

धनराज घरी आल्यावर त्या हे सांगायला गावी गेल्या. मला बरोबर घेतलं. एसटीने एरंडोल, पारोळा, तिथून रिक्षा. मला वाटत होतं, आता आबांना पटेल. बाटलीत औषध नव्हतंच, घाण होती, हे समोर आल्यावर मॅडमवरचा ठपका जाईल. ओसरीवर धनराज खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीवर लांब केलेला. मॅडमनी दोघांना सांगितलं, एकेक वाक्य करून, सशांबद्दल सांगायच्या तसं. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे त्याचं खोटं व्हतं. तुनं खरं व्हतं."

"हो, आबा."

"मंग तू देती ते पोऱ्या आज चालता."

धनराज म्हणाला, "जाऊ द्या ना, आबा." कोणीतरी पाणी आणून दिलं, आम्ही प्यायलो.

परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. कापसाची शेतं होती दोन्ही बाजूंना. मॅडम म्हणाल्या, "आबा म्हणतात ते खरंही असेल. माझ्याकडचं स्वच्छ होतं. निदान हे झालं नसतं."

मी विचारलं, "मग मॅडम?"

"मग काय. तरी दिलं नसतं." थोड्या वेळाने पुन्हा बोलल्या. "हे मला आत्ता कळलं. तो आला होता त्या दिवशी कळलंय असं वाटत होतं. तेव्हा सोपं होतं ते."

एरंडोलला त्यांनी शेंगा घेतल्या. जळगाव येईपर्यंत आम्ही दोघी सोलत राहिलो.

त्यानंतर त्या तशाच होत्या. लोकांना हे खटकायचं. ऑफिसातले म्हणायचे, बाई दगडाची आहे, सख्ख्या भावाचं असं झालं आणि ही सशांचं वजन करत बसते. मला त्या दगडाच्या वाटल्या नाहीत. पण वेगळं काय होतं तेही मला सांगता येत नाही. आवाज बदलला नाही, यायची वेळ बदलली नाही. फक्त आखडलेल्या गुडघ्याच्या त्या सशाला त्या सगळ्यात शेवटी घास द्यायला लागल्या, आणि तो खाऊन होईपर्यंत उठत नसत. दर रविवारी गावी जात. आबा त्यांच्याशी शेतीचं बोलत, पावसाचं बोलत. ते सोडून काही नाही. धनराजने पारोळ्यात बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं. भरतीची जाहिरात आली की त्याच्याकडे मुलांची रांग लागते. तो पाय लांब करून बसतो आणि त्यांची उंची, छाती, वय विचारून फॉर्म भरतो. मॅडमनी दुकानाला पंखा घेऊन दिला होता.

काही काळाने माणसांवरच्या चाचणीसाठी अर्ज करायची वेळ आली. धुळ्यातले एक सर्जन बरोबर होते. अगदी थोडे रुग्ण, आधी फक्त अपाय होतो का तेवढंच बघायचं. कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही, ते मॅडम सांगत होत्या आणि मी टाइप करत होते. अठराच्या आतले नाही. गरोदर बायका नाही. रक्त पातळ करायची औषधं चालू असलेले नाही.

"ज्यांच्या त्या गुडघ्यात पूर्वी कधीही जंतुसंसर्ग होऊन गेला आहे, ते नाही."

माझी बोटं थांबली. त्यांच्या लक्षात आलं.

"मॅडम, 'कधीही' लिहायचं?"

"कधीही. आत काही झोपलेलं असलं तर ते उठेल. पुढे लिही. ज्यांनी याआधी कुठेही असलं इंजेक्शन घेतलं आहे, ते नाही."

मी लिहिलं. त्यांनी ते वाचून घेतलं आणि एक स्वल्पविराम बदलला.

अर्ज समितीकडे गेला, शंका आल्या, उत्तरं गेली. अजून निकाल यायचा आहे. मधल्या हिवाळ्यात एका सकाळी मॅडम प्रयोगशाळेत आल्या नाहीत. मी फोन केला, उचलला नाही. त्यांच्या शेजारच्या काकूंकडे किल्ली असायची, त्यांनी दार उघडलं. मॅडम स्वयंपाकघरात पडलेल्या होत्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटलात त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी सशांच्या घरात होते. मी सगळ्यांना घास घातला, पाणी बदललं, मग गेले. मला तेव्हा रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. लोक विचारतात, मी सांगते, चालू आहे काम.

महिन्याभराने आबा त्यांचं सामान न्यायला आले. धनराज खाली गाडीतच थांबला, जिना त्याला जड जातो. आबा एकटेच वर आले. कपाटातली शाल, डबा, चपलांचा एक जोड, चष्म्याचं घर, असं सगळं मी पिशवीत भरून ठेवलं होतं. त्यांनी पिशवी हातात घेतली, पण निघेनात. भिंतीलगतच्या यंत्रांकडे बघत राहिले.

"बेटा," ते म्हणाले, "ते कोठे शे?"

काय, ते मी विचारलं नाही. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं आणि मोठ्या फ्रीझरचं दार उघडलं. पांढरी वाफ खाली आमच्या पायांवर आली. मी जाड हातमोजा घालून एक खण बाहेर ओढला. बोटाच्या पेराएवढ्या नळ्या, रांगेने उभ्या, प्रत्येकीवर मॅडमचं बारीक अक्षर.

आबा वाकले. डोळे बारीक करून त्यांनी बघितलं.

"इतलंसंच शे?"

"हो, आबा."

"हाई तिनं करेल शे?"

"हो. सगळं त्यांच्या हातचं आहे."

त्यांनी हात पुढे केला. मी त्यांना थांबवणार होते, कारण त्या थंडीने कातडी जळते. पण त्यांनी नळीला हात लावला नाही. वाफेत तसाच थोडा वेळ धरला आणि मागे घेतला. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बंद करी दे, बेटा," ते म्हणाले. "खराब व्हई जाई."

मी खण आत सरकवला आणि दार लावलं.